तंबू, ताल आणि सोबत
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर कीर्तने झाली, शेतीवर बोलणे झाले, आरोग्यावर झाले, मुलांच्या शिक्षणावर झाले. यंदा कार्यकारिणीने आम्हाला निरोप दिला की, तुम्ही मित्रमंडळी तंबू बांधून ते धडधडणारे संगीत ऐकायला गोव्यापर्यंत जाता, तर त्यावरच बोला. निरोप थट्टेत दिला होता, पण त्यामागे दोन खरे प्रश्न होते. पहिला, चाळिशी ओलांडलेली, नोकरदार, पोराबाळांची माणसे तिथे जातात कशाला? दुसरा अधिक काळजीचा. घरची मुलेही आता जायचे म्हणतात, त्यांना पाठवावे का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आज द्यायची आहेत. शेवटी एक तिसरा प्रश्न आम्हीच आपल्यासमोर ठेवणार आहोत. तो गोव्याचा नाही, आपल्याच विसर्जन मिरवणुकीचा आहे.

‘आम्ही’ म्हणजे पाच जण. पॉलिटेक्निकच्या वसतिगृहात एका मजल्यावर राहिलेलो. आज चौघे सरकारी खात्यांत आहेत, एकाचे हार्डवेअरचे दुकान आहे. कोणी बालाघाटला, कोणी वारासिवनीला, कोणी नदीपलीकडे गोंदियाला. लग्ने झाली, बदल्या झाल्या, आणि मग आमची भेट फक्त दुसऱ्यांच्या लग्नात किंवा तेरवीत होऊ लागली. तिथे बोलणे काय होणार? ‘बरा आहेस ना बे?’ ‘बरा आहे.’ संपले. म्हणून ठरवले की वर्षातून दोन रात्री तरी एकत्र काढायच्या, आणि त्या घराबाहेर. सुरुवात वैनगंगेकाठी एकाच्या शेतात झाली. दोन तंबू, एक कंदील, भरीत-भाकरी आणि मोबाइलवर गाणी. पुढे एकाचा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला लागला. 2016 साली सनबर्न नावाचा मोठा संगीत महोत्सव गोव्यातून पुण्याजवळ केसनंदला आला, तेव्हा त्याने आग्रह धरला. गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. तेव्हापासून जमेल त्या वर्षी जातो. मुख्यालय सोडण्याची परवानगी घेताना कारण काय लिहायचे हा दरवर्षीचा पेच असतो. आम्ही ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ असे लिहितो, आणि ते खोटे नाही.

हे संगीत म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपल्या भागात डीजे म्हटले की डोळ्यांसमोर गाडी येते. स्पीकरच्या भिंती रचलेला ट्रक, मागे जनरेटर. तिकडे डीजे म्हणजे माणूस. तो मंचावर उभा राहून एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात असा जातो की ताल कुठेही तुटत नाही. दोन गाण्यांची गती जुळवणे, एकाचा खर्ज हळूच काढून दुसऱ्याचा आणणे, ऐकणाऱ्यांचा अंदाज घेत तासभर लय चढवत नेणे, हे त्याचे कसब. मिनिटाला साधारण 120 ते 140 ठोके असतात. आपल्या भजनात शेवटी लय वाढते, टाळ जलद होतात आणि मग एकदम सम येते. त्यांच्याकडेही तसेच आहे. ताल काढून घेतात, स्वर ताणून धरतात आणि मग ठोका परत आला की सगळे मैदान उडी मारते. भजनात बसलेल्या माणसाला हे समजायला अवघड नाही.

हे सगळे परदेशी आहे, असे आमचे काकाजी म्हणतात. त्यांना आम्ही चरणजित सिंग यांची गोष्ट सांगतो. हे मुंबईतले वादक, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे. 1982 साली त्यांनी जपानी रोलँड कंपनीची तालाची आणि खर्जाची यंत्रे घेतली आणि भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून त्यांची तबकडी काढली. त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे तीच यंत्रे वापरून अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी नवे संगीत घडवले आणि ते जगभर गेले. 2010 मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. हा माणूस त्यांच्या आधीच तिथे जाऊन आला होता. 2015 साली ते वारले. आणि लांब कशाला जायचे? आपल्या नागपूर-गोंदिया-बालाघाट पट्ट्यातली धुमाल पार्टी घ्या. ढोल-ताशाच्या जोडीला कीबोर्ड आणि विजेचे पॅड असतातच ना? मग यंत्रावरचे संगीत आपल्या दारातून रोज जातेच आहे.

गोव्याचा भाग असा. 1960 च्या दशकाच्या अखेरीस परदेशी हिप्पी हणजुणे किनाऱ्यावर येऊ लागले. पौर्णिमेच्या रात्री नारळीच्या झाडांखाली नाच चाले. त्यातून 1990 च्या सुमारास ‘गोवा ट्रान्स’ नावाचा संगीतप्रकार जगभर पोहोचला. एखाद्या संगीतप्रकाराला आपल्या देशातल्या एका राज्याचे नाव मिळावे, ही काही लहान गोष्ट नाही. मग 2000 साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या भोंग्यांबाबत कडक निकाल दिला. उघड्यावरच्या रात्रभराच्या नाचाला आळा बसू लागला. 2007 च्या डिसेंबरात कांदोळीच्या किनाऱ्यावर सनबर्न सुरू झाला. असा महोत्सव दुपारी सुरू होतो आणि नियमाप्रमाणे रात्री दहाला बंद करावा लागतो. नाचणाऱ्यांना वाईट वाटते. आम्हाला मात्र बरे वाटते, कारण आमची खरी रात्र दहानंतर सुरू होते.

युरोपात हेच मेळे भर उन्हाळ्यात होतात. बेल्जियममध्ये बूम नावाचे लहानसे गाव आहे, पूर्वी विटांसाठी प्रसिद्ध होते. विटांची माती काढून जो खड्डा उरला, तिथे बागबगीचा केला आणि त्या जागेवर 2005 पासून उन्हाळ्यात टुमॉरोलँड नावाचा महोत्सव भरतो. दोन आठवड्यांच्या शेवटी मिळून सुमारे चार लाख लोक येतात. त्यांच्यासाठी ड्रीमव्हिल नावाचे तंबूंचे अख्खे गाव वसवतात. तंबूंच्या गल्ल्या, न्हाणीघरे, सकाळी पाव मिळण्याची सोय, सगळे. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंश आणि जून-जुलैत चिखल, म्हणून आपले मेळे हिवाळ्यात. यातही नवीन काही नाही. आपली मंडई दिवाळीनंतर, दंडार मंडईच्या रात्री, झाडीपट्टीची नाटके धान घरात आल्यावर. थंडी आणि मोकळे हात एकत्र आले की माणूस रात्र जागवतो.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. आम्ही जातो कशाला? गाणे आवडते, हे आहेच. पण गाणे घरीही ऐकता येते. तिथे दिवसभर उभे राहून, नाचून पाय दुखलेले असतात. तंबूवर परत येतो. गावाबाहेर एका वाडीच्या मालकाला रीतसर पैसे देऊन जागा घेतलेली असते. तिथे वीज नाही, टीव्ही नाही, मोबाइलची बॅटरी संपलेली. पाच माणसे अंधारात पाठ टेकून पडतात. तासभर कोणी बोलत नाही. आणि मग कोणीतरी बोलतो. आमच्यातल्या एकाचे वडील वारले, ते नेमके कसे वारले, हे त्याने तीन वर्षांनी अशाच एका रात्री सांगितले. त्यांच्या तेरवीला आम्ही चौघेही होतो, पण तिथे पंगत वाढण्यात वेळ गेला होता. दुसऱ्या एकाच्या मुलीचे लग्न मोडले होते, ते घरातही नीट बोलले गेले नव्हते. पुरुष माणसे समोरासमोर बसून मनातले बोलत नाहीत. शेजारी शेजारी आडवी पडली, तोंडे आभाळाकडे असली की बोलतात. चाळिशीनंतर मित्र कमी होतात असे म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. मित्र तेवढेच असतात, फक्त त्यांच्यासोबतच्या रात्री कमी होतात.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हे माहीत होते. नागपंचमीच्या सुमारास पचमढीची नागद्वार यात्रा भरते. सातपुड्याच्या व्याघ्र प्रकल्पातली ती वाट वर्षातून त्या मोजक्या दिवसांतच उघडते. विदर्भातून आणि आपल्या भागातून माणसे पावसात, चिखलात डोंगर चढतात. वाटेवर मंडळांचे तंबू असतात, ओळख नसलेल्या माणसाला पानावर बसवतात. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडला गोंडी बांधवांची यात्रा भरते, तिथेही राज्याराज्यांतून लोक येऊन मुक्काम करतात. देव वेगळा, कारण वेगळे. देवदर्शन आणि नाच एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण घर सोडून, चार माणसांसोबत उघड्यावर राहून, एका तालावर चालून परत येणे, ही माणसाची जुनी गरज आहे. ज्यांनी नागद्वार केले आहे, त्यांनी तंबू घेऊन निघालेल्या पोराला हसू नये.

आता दुसरा प्रश्न. मुलांना पाठवावे का? इथे आम्ही गोड बोलणार नाही. या महोत्सवांच्या काळात मृत्यू झालेले आहेत. 2009 मध्ये झाला, 2019 च्या डिसेंबरात वागातोरला झाले. तरुण मुले होती. अमली पदार्थांचा प्रश्न खरा आहे. 2024 मध्ये महोत्सव पेडणे तालुक्यात धारगळला नेला तेव्हा गावातल्या लोकांनी विरोध केला. त्यांचेही म्हणणे ऐकण्यासारखे होते. रस्ते त्यांचे, झोप त्यांची, आणि तीन दिवसांचा पैसा मात्र बऱ्याचदा दुसऱ्यांचा. तेव्हा हा सगळा निव्वळ आनंदाचा मेळा आहे, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

पण नुसते ‘नाही’ म्हटल्याने मूल थांबत नाही. ते न सांगता जाते, आणि न सांगता गेलेल्या मुलाला अडचणीच्या वेळी घरी फोन करता येत नाही. आम्हाला भीती वाटते ती याची. म्हणून आमच्या घरच्या मुलांना आम्ही काही अटी घातल्या आहेत. एकट्याने जायचे नाही, किमान चौघांनी जायचे आणि चौघांनीच परत यायचे. कोणी दिलेली गोळी, कोणी दिलेला पेला घ्यायचा नाही. सोबतच्याने काही घेतले आणि त्याला बरे वाटेनासे झाले, अंग तापले, बोलणे अडखळले, तर लपवायचे नाही. झोपू द्यायचे नाही, ताबडतोब वैद्यकीय कक्षात न्यायचे आणि काय घेतले ते डॉक्टरला खरे सांगायचे. रागावणे नंतर, जीव आधी. गर्दीत भेटण्याची एक जागा सकाळीच ठरवायची, कारण लाखभर माणसांत मोबाइल लागत नाही. पाणी घोटघोट पीत राहायचे, सोबत जलसंजीवनीची पाकिटे ठेवायची. परतीचे तिकीट जाण्याआधी काढायचे.

तंबूच्याही काही गोष्टी आहेत. तंबू उंचवट्यावर लावावा, ओढ्याच्या पात्रात कधीच नाही. सकाळी सावली कुठे पडते ते आदल्या संध्याकाळी पाहावे, नाहीतर आठ वाजता तंबूची भट्टी होते. बूट आत घ्यावेत आणि घालण्याआधी झटकावेत, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. जंगलाजवळ शेकोटी नको. गोव्यात तर 2019 मध्ये कायदाच झाला. पर्यटनाच्या जागी उघड्यावर स्वयंपाक केला किंवा दारू प्यायली तर माणशी 2000 रुपये आणि गटाला 10000 रुपये दंड तेव्हा ठरला. तेव्हा जागा मालकाला विचारून घ्यावी, आणि निघताना ती आलो त्यापेक्षा स्वच्छ ठेवावी.

आता कानांबद्दल. हा भाग सगळ्यांनी ऐकावा, महोत्सवाला जाणाऱ्यांनीही आणि न जाणाऱ्यांनीही. आमच्या पाच जणांतल्या एकाच्या डाव्या कानात गेली काही वर्षे सतत शिटी वाजते. दिवसा कामात कळत नाही, रात्री शांत झाले की सुरू होते. अंधारात आम्ही सगळे आभाळाकडे बघत पडतो तेव्हा आम्हाला रातकिडे ऐकू येतात, त्याला ती शिटी ऐकू येते. हे महोत्सवात झाले नाही. आपल्याच भागातल्या एका वरातीत झाले. अरुंद गल्ली होती, दोन्ही बाजूंना पक्की घरे, आणि तो पाहुणा म्हणून स्पीकरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर तासभर चालला. दुसऱ्या दिवशी कान बंद. दोन दिवसांनी ऐकू येऊ लागले, शिटी मात्र राहिली. डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले की आतल्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

आम्ही डिप्लोमावाले, म्हणून हिशोब मांडून दाखवतो. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेत एक प्रमाण मानतात. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो. त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करायचा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास, 100 ला पंधरा मिनिटे. पुढचे गुणाकार घरी करून बघा. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे चार पावले मागे सरकणे हे औषधच आहे. पण गल्लीत तसे होत नाही. भिंती आवाज परत फेकतात, मागे सरकून जायला जागा नसते. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संगीताच्या कार्यक्रमांसाठी मानक काढले. पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजावा, ऐकणाऱ्यांना कानातली बोळी मिळावीत आणि जवळच एक शांत जागा असावी. आम्ही पाचही जण फोमची बोळी घालूनच जातो. शंभर रुपयांच्या आत मिळतात. ठोका छातीत तसाच जाणवतो, दुसऱ्या दिवशी कान मात्र मोकळे असतात.

आणि इथून आमचा तिसरा प्रश्न. गोव्यातल्या महोत्सवाला दहाची वेळ आहे, परवानगी आहे, मैदान आहे, आणि तिथे जाणारा तिकीट काढून, स्वतःच्या मर्जीने गेलेला असतो. आपल्या विसर्जन मिरवणुकीत काय आहे? रस्त्यावरचे म्हातारे, पाळण्यातले मूल, दवाखान्यातला रोगी, बारावीचा विद्यार्थी, यांना कोणी विचारले? वस्तीच्या भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. आपल्या राज्यात डिसेंबर 2023 मध्ये नव्या मुख्यमंत्र्यांचा पहिला आदेशच भोंगे आणि डीजे यांच्या आवाजावर नियंत्रणाचा निघाला. पण आदेशाने पोलीस येतील, समजूत येणार नाही. ती मंडळानेच आणायची.

तरुण मित्रांनो, तुमचा राग आम्हाला माहीत आहे. ‘वडीलधारे स्वतः गोव्याला जाऊन नाचतात आणि आमचा डीजे बंद करतात’, असे तुम्ही उद्या म्हणाल. आम्ही नाच बंद करा म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की आवाज कमी केला म्हणून नाच कमी होत नाही. कान गेला तर मात्र गाणेच जाते.

म्हणून कार्यकारिणीसमोर आमचे तीन प्रस्ताव आहेत. पहिला, विसर्जनाला स्पीकरच्या भिंतीची गाडी न लावता धुमाल, लेझीम आणि भजनी मंडळ लावावे. धुमालचा स्पीकर एकच आणि तोही मोजून. मोजायचे काम आम्ही पाच जण करू. दुसरा, तरुणांना एक संध्याकाळ द्यावी. मैदानात, घरांपासून दूर, परवानगी घेऊन, दहाच्या आत. गाणी त्यांनीच निवडावीत, यंत्रही त्यांनीच चालवावे. आपल्या गावातला एखादा मुलगा दोन गाणी जुळवायला शिकला, तर तेही एक कसबच आहे. तिसरा, हिवाळ्यात मंडळाची एक रात्र नदीकाठी तंबूत काढावी, बाप आणि मुलगे मिळून, आणि पुढच्या वर्षी आया आणि मुली. स्पीकर नाही. ज्याला येते त्याने गावे, ज्याला येत नाही त्याने भाकरी भाजावी. शेत आमच्या मित्राचे आहे, त्याने हो म्हटले आहे. तंबू दोन आहेत, बाकीचे ताडपत्रीने भागवू.

ज्येष्ठ मंडळींना एक विनंती. त्या रात्री तुम्ही या. तुमची मंडई, तुमची दंडार, पायी केलेले नागद्वार, हे सगळे आमच्या मुलांनी ऐकलेले नाही. घरात सांगितले तर ती उठून जातात. अंधारात, तंबूत, मोबाइल बंद पडल्यावर ऐकतील. आम्ही याची खात्री देतो, कारण आम्ही स्वतः तसेच ऐकायला शिकलो.

बाप्पा विद्येचा देव आहे, आणि त्याचे कानही सुपाएवढे आहेत. त्याला हाक ऐकू जायला शंभर डेसिबल लागत नाहीत. आपण सगळे मिळून, तोंडाने, एकदा म्हणू या.

गणपती बाप्पा, मोरया!